दुसऱ्याच्या हातचा घास

हमराकुल मास्तरांना आपल्या रक्ताबद्दल कधीच शंका आली नव्हती. अठ्ठावीस वर्षं उझबेकिस्तानातल्या मर्गिलानच्या शाळेत भूगोल शिकवून जगातल्या बहुतेक वाहत्या गोष्टींची त्यांना माहिती होती, आणि आपल्या अंगातून जे वाहतं ते लाल आहे, गरम आहे आणि वेळच्या वेळी पोचतं, एवढ्यावर त्यांचं समाधान होतं. पण मे महिन्याच्या शेवटी शाळेनं सगळ्या शिक्षकांची तपासणी करायचं काढलं. मास्तरांच्या रक्ताची नळी थोडा वेळ ठेवल्यावर वर दुधाळ साय धरली. नर्सनं ती नळी खिडकीशी धरली, हाक मारून दुसऱ्या नर्सला दाखवली, तिनं तिसरीला. गणिताचे, रसायनाचे आणि कवायतीचे असे तीन मास्तर तेव्हा मागे रांगेत उभे होते. अपमानाला तिथून सुरुवात झाली.

त्यातून दवाखान्यातली डॉक्टर झुम्राद निघाली मास्तरांची विद्यार्थिनी. सातवीत असताना या मुलीनं सिर दर्या नदी नकाशावर पश्चिमेला ओढत नेऊन अरल समुद्राऐवजी थेट कॅस्पियन समुद्रात सोडली होती, आणि मास्तरांनी तिला पाचपैकी दोन गुण देऊन वर्गासमोर उभं केलं होतं. तीच मुलगी आता टेबलापलीकडे बसून त्यांचा कागद वाचत होती.

"मास्तर, ट्रायग्लिसराइड पाच पूर्णांक नऊ. एक पूर्णांक सातच्या खाली हवं. कोलेस्टेरॉलही वाढलंय. खाणं बदला, रोज चाला, आणि ही गोळी रोज संध्याकाळी."

"गोळी?"

"दोन्ही लागेल, मास्तर. तुमच्या वयाला नुसतं पथ्य..."

'तुमच्या वयाला' हे दोन शब्द तिनं गिळले असते तर पुढचं रामायण टळलं असतं. मास्तरांचं वय त्रेपन्न. मिशीत पांढरा केस नाही.

"गोळ्या म्हातारे घेतात," मास्तर ताठ बसून म्हणाले. "मी जीवनशैली बदलणार." हा शब्द त्यांनी पाच मिनिटांपूर्वी बाहेरच्या भिंतीवरच्या तक्त्यावर वाचला होता. "तीन महिने दे मला."

झुम्रादनं थोडी समजूत घालून पाहिली, मग कार्डावर 'औषध नाकारले' असं लिहून सही करायला पुढे केलं. नापासाच्या गुणपत्रिकेवर करायचे तशीच ठसठशीत सही मास्तरांनी केली आणि ते घरी आले.

घरी दोनच माणसं. बायको मुहय्यो आणि मुलगी ओयदिन. ओयदिनला ताश्कंदला वस्त्रकलेच्या पुढच्या शिक्षणासाठी जागा मिळाली होती आणि सप्टेंबरात तिला निघायचं होतं. साऱ्या जिल्ह्यातून दोघींना मिळाली होती ती जागा. मास्तर हे रस्त्यात भेटेल त्याला सांगत, न विचारता.

कागद वाचून मुहय्योनं डोळ्याला डोईच्या रुमालाचं टोक लावलं. ओयदिन मात्र म्हणाली, "बाबा, गोळी घ्या ना. काय जातंय?"

"माझ्यावर विश्वास नाही तुझा?" म्हणून मास्तरांनी जेवणासाठी अंथरलेल्या दस्तरखानावरच्या रोटीवर उजवा हात ठेवला. रोटीवर हात ठेवून बोललेलं आमच्याकडे कुणी मोडत नाही. "तीन महिने या हातानं मी चरबीचा घास तोंडात घालणार नाही. मग तर झालं?"

वाक्य भारदस्त झालं होतं. 'या हातानं' हे शब्द तर केवळ वजनासाठी आले होते, हे इथेच सांगून ठेवलेलं बरं. त्यात तेव्हा कपट नव्हतं.

"मग मीही नाही खाणार," ओयदिन म्हणाली आणि तिनंही रोटीवर हात ठेवला. "तुम्ही एकटे उकडलेले सलगम खात बसणार आणि आम्ही समोर मंती चापायच्या, हे मला नाही जमायचं." खिमा भरून वाफवलेल्या मंती म्हणजे तिचा जीव की प्राण. चरबीचा तुकडा आत नसेल तर ती मंतीला हात लावत नसे. मास्तरांना त्या क्षणी भरून आलं होतं. पुढे हेच भरून आलेलं त्यांना कितीदा टोचणार होतं, याची कल्पना नव्हती.

दुसऱ्या दिवशी पहाटे मास्तर पळायला निघाले. आमच्या मोहल्ल्यात पन्नाशीचा माणूस पळतो तो दोनच कारणांनी, आग लागली तर किंवा कुणी गेलं तर. पहिल्याच कोपऱ्यावर कोबिल लोहारानं हातातला चहा टाकून विचारलं, "कोण गेलं, मास्तर?" 'कुणी नाही' म्हणेपर्यंत तो टोपी सावरत मागून पळायला लागला होता. चौकातल्या चिनाराखाली पोचेपर्यंत मास्तरांच्या मागे सात माणसं होती. दोघांनी रस्त्यातच शोक सुरू केला होता, फक्त नाव कळायचं बाकी होतं.

म्हणून तिसऱ्या दिवसापासून मास्तर हातात रिकामी बादली घेऊन पळू लागले. कामाला चाललेला माणूस वाटावा, एवढाच हेतू. पण शिकलासवरलेला माणूस पहाटे बादली घेऊन धावतो म्हटल्यावर लोकांनी स्वतःच्या अकलेनं अर्थ लावला की पाणी बंद होणार. सात वाजेपर्यंत साऱ्या गल्लीनं पिंप, हंडे, न्हाणीघरातले टब भरून घेतले. आठ वाजता नळांचं पाणी खरोखरच संपलं. दुपारी मोहल्ला समितीच्या अध्यक्षांचं बोलावणं आलं.

अध्यक्ष हे कागदाचे भक्त. त्यांनी मास्तरांसमोर कोरा कागद ठेवला. "खुलासा लिहून द्या. नागरिक कशासाठी पळत होता, आणि बादली कशासाठी होती. दोन्ही वेगवेगळ्या परिच्छेदांत."

रक्तातली चरबी सरकारी कागदावर उतरवायची मास्तरांच्या हाताची तयारी नव्हती. त्यांनी लिहिलं, 'भौगोलिक निरीक्षणासाठी.' अध्यक्षांना हे फार आवडलं. त्यांनी तिथल्या तिथे मास्तरांना मोहल्ल्याच्या पाटांच्या देखरेखीवर नेमलं, बिनपगारी. त्यामुळे पहाटेची वेळ पाटात कोण कचरा टाकतो हे टाचणात लिहिण्यात जाऊ लागली आणि पळणं संपलं ते संपलंच.

शेजारच्या सोदिका मावशींना हे सगळं भिंतीवरून दिसत होतं. मावशींनी आयुष्यात डॉक्टरचं तोंड पाहिलं नव्हतं आणि त्याचा त्यांना अभिमान होता. "चरबी ना? तुतीचा पाक घे. आटवलेला. रोज पेलाभर. आतलं सगळं विरघळवून काढतो," असं म्हणत त्यांनी तीन बरण्या भिंतीवर आणून ठेवल्या. गोडात चरबी कुठे असते, हा मास्तरांचा युक्तिवाद. पाक मधासारखा घट्ट आणि चवीला तर अहाहा! मास्तरांनी पथ्य म्हणून पेला वाढवला. वर खरबूज, द्राक्षं, बेदाणे आणि चहात खडीसाखर. ही तर देवाची फळं. आठवड्याभरात मुहय्यो म्हणाली, "अहो, तुमचा पट्टा आवळत चाललाय," आणि मास्तर म्हणाले, "चामडं उन्हानं आक्रसतं."

एवढ्यावर भागलं असतं तर ही गोष्ट सांगण्यात अर्थ नव्हता. खरी गोष्ट गुरुवारची.

दर गुरुवारी संध्याकाळी चायखान्यात बारा मित्रांची बैठक बसते. वीस वर्षांत मोडली नाही. पुलाव स्वतः शिजवायचा आणि तो शिजवायचा मास्तरांनीच. मेंढ्याच्या शेपटाची चरबी ते अशी वितळवत की रस्त्यावरून जाणारा माणूस पत्ता विसरून आत येई. शपथेनंतरच्या पहिल्या गुरुवारी त्यांनी नेहमीसारखा पुलाव केला, ताट मधे ठेवलं आणि हाताची घडी घालून बसले.

ताटाला कुणी हात लावेना.

"शिजवणाराच खात नाही," काझिम न्हावी म्हणाला. "काय पडलंय रे कढईत?"

मग मास्तरांना सांगावं लागलं. नुसतं सांगितलं असतं तरी चाललं असतं, पण ऐकणारे अकरा आणि विषय आपण, असा योग रोज येत नाही. "त्या पोरीनं गोळ्या पुढे केल्या. मी म्हटलं, जा! ज्याला स्वतःची जीभ आवरत नाही त्यानं गोळ्या घ्याव्यात. अर्धं आयुष्य गोळ्यांवर काढायला मी काय म्हातारा आहे? माणसानं जीवनशैली बदलावी. निश्चय लागतो त्याला, निश्चय."

बैठकीत विलक्षण शांतता पसरली. मास्तरांना ती आदराची वाटली.

मग सगळ्यांत वडील तुर्सुनबाय, जन्मभर बस चालवलेला गडी, पुढे सरकला. तीन बोटांनी त्यानं भात गोळा केला, वर चरबीचा एक सोनेरी तुकडा दाबून बसवला आणि तो घास मास्तरांच्या तोंडाशी नेला.

"घे. माझ्या हातचा."

वडीलधाऱ्याच्या हातचा घास ओठांशी आला की तोंड उघडायचं असतं. आमच्या तोंडांना हे पाळण्यातच शिकवलेलं असतं, डोक्याला विचारायची पद्धत नाही. मास्तरांचं तोंड उघडलं. घास आत गेला. डोळे आपोआप मिटले.

आणि डोळे मिटलेले असतानाच त्यांना ते सुचलं. या हातानं नाही! शपथ या हाताची होती. हात तर घडीत आहे. शब्दांचा असा काटेकोर अर्थ लावल्याबद्दल त्यांना स्वतःचं कौतुकसुद्धा वाटलं.

"मी काय परका आहे?" म्हणून काझिमनं भरवलं. मग तिसऱ्यानं. अकरा जणांतला एकही मागे राहिला नाही, आणि दुसऱ्याला भरवताना कुणी लहान घास घेत नसतो. स्वतःच्या हातानं मास्तर जेवढं खात, त्याच्या दीडपट त्या रात्री त्यांच्या पोटात गेलं. घरी आल्यावर मुहय्योनं त्यांचा उजवा हात हातात घेऊन बोटं हुंगली. बोटांना साबणाचा वास होता.

"खाल्लं नाहीत?"

"माझा हात ताटात गेला असेल तर हा हात झडो," मास्तर म्हणाले. मुहय्योच्या डोळ्यांत पाणी आलं. ओयदिन स्वयंपाकघरातून हसत आली. तिच्या हातात सलगमची वाटी होती. ती बापासाठी जेवायची थांबली होती.

तेरा गुरुवार हेच चाललं. पहिल्या गुरुवारी मास्तरांना गंमत वाटली, चौथ्या गुरुवारी थोडी लाज, आणि आठव्या गुरुवारी घराच्या दाराशी पोचल्यावर ते जरा वेळ बाहेरच उभे राहिले. आत ओयदिन आपले कपडे आत घेत होती, शिलाई उसवून, कमरेशी दोन बोटं. शेजारच्या लग्नात तिनं पुलावाचं ताट परत केलं तेव्हा बायका म्हणाल्या होत्या, नखरे बघा पोरीचे. ती त्यांना म्हणाली होती, "बाबांना वचन दिलंय." हे मास्तरांना मुहय्योनं कौतुकानं सांगितलं. ऐकताना त्यांना जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण पुढचा गुरुवार आला आणि घास पुढे आला.

ऑगस्टअखेर दुसरी तपासणी झाली. झुम्रादनं कागद दोनदा वाचला. ओयदिन बापाच्या शेजारी बसली होती, कारण निकाल तिला स्वतःच्या कानांनी ऐकायचा होता.

"नऊ पूर्णांक चार," झुम्राद म्हणाली. "मास्तर, पथ्य केलंत ना?"

"मी सांगते ना," ओयदिन म्हणाली. "तीन महिने चरबीचा एक कण नाही. मी त्यांच्याबरोबर तेच खाल्लंय. दर गुरुवारी मित्रांच्यात बसूनसुद्धा हात लावला नाही यांनी."

झुम्रादचा चेहरा गंभीर झाला. एवढं पथ्य करून आकडा वाढतो म्हणजे आत काहीतरी मोठं बिघडलंय. यकृत असेल, स्वादुपिंड असेल. जिल्ह्याच्या मोठ्या इस्पितळात पाठवायला हवं, आणि त्यासाठी मोहल्ला समितीचा दाखला हवा. त्याच वेळी खरं सांगता आलं असतं. मास्तरांनी तोंड उघडलं. घासासाठी इतक्या तत्परतेनं उघडणारं तोंड शब्दासाठी मात्र नुसतं उघडंच राहिलं.

दाखल्यासाठी ते अध्यक्षांकडे गेले. अध्यक्षांनी तो लिहिला, पण शिक्का मारणारी बाई सरकारी कापूस वेचायच्या कामावर गेली होती. तोवर अध्यक्षांनी मास्तरांचं नाव 'गंभीर आजारी कुटुंबप्रमुख' या यादीत चढवून फलकावर लावलं. त्या संध्याकाळपासून घरी माणसांची रीघ लागली. जो तो काहीतरी डब्यात घालून आणत होता, आणि आजाऱ्याला पातळ चहा कुणी आणत नसतो. दार लावल्यावर मुहय्यो रडत असे. सोदिका मावशींनी तुतीच्या पाकाची चौथी बरणी पाठवली.

बुधवारी ओयदिननं बापासमोर एक कागद ठेवला. "तुम्ही अर्ज चांगले लिहिता. बघा ना, बरोबर आहे का."

तो ताश्कंदची जागा सोडत असल्याचा अर्ज होता. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'वडिलांचे गंभीर आजारपण.'

"वर्षभरानं पुन्हा प्रयत्न करीन," ती म्हणाली. "तुम्हाला असं टाकून जाऊन माझं तिकडे लक्ष लागेल का?"

मास्तरांनी चष्मा पुसला. मग पुन्हा पुसला. "आज राहू दे," ते म्हणाले. "उद्या बघतो." आयुष्यात इतकी शरम त्यांना कधी वाटली नव्हती. नळीतली साय, मागची रांग, बादली, ते सगळं लोकांनी केलेलं हसं होतं. हे मात्र त्यांनी स्वतः, घास घास करून कमावलं होतं.

उद्या गुरुवार होता. मास्तर चायखान्यात गेले, पण कढईकडे गेले नाहीत.

"आज मला कुणी भरवायचं नाही," ते म्हणाले, आणि त्यांनी सगळं सांगितलं. शपथ, बोटांचा वास, सलगम, नऊ पूर्णांक चार, अर्ज. सांगून झाल्यावर ते म्हणाले, "मित्र म्हणवता. मला अडवायचं सोडून एवढं कोंबलंत कशाला?"

 मग तुर्सुनबायनं डोक्यावरची टोपी काढली, अस्तरात बोट घालून गोळ्यांची एक पट्टी बाहेर ओढली आणि दस्तरखानावर ठेवली. "चार वर्षं घेतोय."

काझिमनं वस्तऱ्याच्या डबीतून पट्टी काढली. तिसऱ्यानं मोज्यातून. बघता बघता ताटाभोवती आठ पट्ट्या जमल्या. आठही जण एकमेकांकडे बघत राहिले, कारण कुणालाच दुसऱ्याचं माहीत नव्हतं.

"म्हणजे तुम्ही सगळे... आणि मला सांगितलं नाहीत?"

"कधी सांगणार?" तुर्सुनबाय म्हणाला. "तू तर पहिल्याच दिवशी म्हणालास, जीभ आवरत नाही त्यानं गोळ्या घ्याव्यात. ज्यानं त्यानं मुकाट ऐकून घेतलं. मग मनात म्हटलं, एवढा निश्चयाचा माणूस आहे, बघू तरी याची जीभ किती आवरते. तोंड मिटलं असतंस तर आम्ही तुझे पाय धरले असते." त्यानं पट्टी पुन्हा टोपीत सरकवली. "पण मास्तर, तू कधी मान नुसती वळवलीसुद्धा नाहीस रे."

त्या दिवशी मास्तर उपाशी घरी आले. मुहय्यो सवयीनं बोटं हुंगायला आली, तेव्हा त्यांनी हात मागे घेतला.

"हात नको हुंगू. त्यात कधीच काही नव्हतं," ते म्हणाले. "ओयदिन, बस इथे." त्यांनी उभ्यानंच सांगितलं. वर्गासमोर उभ्या केलेल्या पोरांची मान कशी खाली जाते ते त्यांनी अठ्ठावीस वर्षं समोरून पाहिलं होतं. आता त्यांना आपल्याच चपला दिसत होत्या.

ऐकून मुहय्यो जे बोलायला लागली ते सोदिका मावशींना भिंतीवर चढावं न लागता ऐकू गेलं. ओयदिन उठली. तिनं अर्ज उचलला, चार तुकडे केले, आणि आतल्या खोलीत जाऊन बॅग भरायला घेतली. कपाटाची दारं आपटत होती. मास्तरांना वाटलं, आता बाहेर येईल, ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

शनिवारी सकाळी ताश्कंदची टॅक्सी दाराशी आली. आईच्या गळ्यात पडून ती रडली. बापासमोर येऊन म्हणाली, "मला फार राग आलाय, बाबा. रोज रात्री आठ वाजता फोन करीन. गोळी घेतली का, एवढंच विचारीन." आणि टॅक्सीचं दार लावून घेतलं.

तिनं शब्द पाळला. रोज आठला फोन वाजे. "घेतली?" "घेतली." फोन बंद. मास्तर झुम्रादकडेही जाऊन आले होते. तिनं सगळं ऐकून घेतलं, तुतीचा पाक ऐकून 'साखरेचीच तर रक्तात चरबी होते!' म्हणत कपाळावर हात मारला, आणि गोळी, पथ्य, चालणं असं तिन्ही लिहून दिलं. वर, "मास्तर, पाचपैकी किती देऊ?" असं विचारलं. मास्तर म्हणाले, "एक दे." ते आता बादलीशिवाय चालत होते. कुणी कुठे निघालात विचारलं तर म्हणत, "रक्तात चरबी आहे, म्हणून."  एका शब्दाच्या उत्तरात सांगण्यासारखं किती राहून जातं, हे त्यांना आता कळत होतं.

अठराव्या दिवशी फोन वाजला.

"घेतली?"

मास्तरांच्या ओठांवर 'घेतली' आलंच होतं. पण त्या दिवशी पाटाच्या भांडणात त्यांना उशीर झाला होता आणि पट्टी कोटाच्या खिशात तशीच होती. फोन ठेवल्यावर लगेच घेता आली असती. काही फरक पडला नसता. कुणाला कळलंही नसतं.

"नाही," ते म्हणाले. "विसरलो."

 मास्तरांनी डोळे मिटून घेतले.

"मग घ्या," ओयदिन म्हणाली. "मी थांबते."

मास्तर उठले. घाईत त्यांनी पेला सांडला, दुसरा भरला, गोळी टाकली, पाणी प्यायले आणि धावत येऊन फोन कानाला लावला. ती खरंच थांबली होती. तिच्या मागे रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज येत होता.

"घेतली," ते म्हणाले.

"बरं," ती म्हणाली. मग तिनं विचारलं, "आज काय काय खाल्लंत? सकाळपासून सांगा."

मास्तर खाली बसले आणि सकाळच्या चहापासून सांगायला लागले. मधेच त्यांना आठवलं, दुपारी बेदाणे खाल्ले होते, मूठभर. तेही त्यांनी सांगितलं.